रक्तशर्करा-परीक्षांचा इतिहास

रक्तातील ग्लुकोज या शर्करेचे प्रमाण ठरविण्यासाठी, किंवा मागील काही आठवड्यांत ते सरासरीने किती राहिले असावे हे जाणून घेण्यासाठी करण्यात येणाऱ्या तपासण्यांना रक्तशर्करा-परीक्षा म्हणतात. मधुमेहाचे निदान, त्यावरील उपचारांचे नियमन आणि चयापचयाच्या (शरीरात सतत घडणाऱ्या रासायनिक व भौतिक घडामोडींच्या) सर्वसाधारण स्थितीची पाहणी ही या परीक्षांची मुख्य प्रयोजने होत. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्तद्रवात उपाशीपोटी दर १०० मिलि.मध्ये साधारणतः ७० ते ९९ मिग्रॅ. ग्लुकोज असते. शरीरातील सुमारे ५ लिटर रक्तातील ही सर्व शर्करा एकत्र केली, तर ती चहाच्या एका चमच्याइतकीच भरेल. एवढ्या अल्प राशीतील चढउतार मोजण्याची साधने माणसाच्या हाती येण्यास सु. दोन हजार वर्षे लागली. या काळात परीक्षा बदलली, तसा तिने विचारलेला प्रश्नही बदलत गेला. प्रत्येक परीक्षेचे उत्तर तिच्या स्वतःच्या प्रश्नापुरतेच खरे असते, ही गोष्ट या इतिहासातून स्पष्ट होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तिचे व्यावहारिक महत्त्व किती आहे, हे लेखाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्याच्या उदाहरणावरून पाहिले आहे.

प्राचीन निरीक्षणे : चरक व सुश्रुत या संहितांमध्ये प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून त्यांची विभागणी कफज दहा, पित्तज सहा व वातज चार अशी केलेली आहे. मधुमेह हा त्यांपैकी वातज प्रकार होय. रोग्याच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आकर्षित होतात, हे लक्षण चरकसंहितेत नोंदलेले आढळते. जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे प्रमेहाचे दोन भेद सुश्रुताने मानले असून पहिल्या प्रकारातील रोगी कृश, तर दुसऱ्यातील स्थूल असतो, असे वर्णन केले आहे. आधुनिक वर्गीकरणाशी या भेदाचे साम्य लक्षणीय असले, तरी दोन्ही वर्गीकरणांमागील सिद्धांत भिन्न आहेत, हे विसरता येत नाही. मूत्राची गोडी हे निदानाचे साधन मानले जाऊ लागले, ही या निरीक्षणांची महत्त्वाची फलश्रुती होय. त्या काळी ही परीक्षा ‘रोग आहे की नाही’ एवढेच सांगू शकत असे. तो किती आहे, हे सांगण्याचे साधन नव्हते.

मूत्राकडून रक्ताकडे : यूरोपात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७४ मध्ये मधुमेही व्यक्तीच्या मूत्राच्या गोडीचा उल्लेख केला. १७७६ मध्ये लिव्हरपूल येथील मॅथ्यू डॉब्सन यांनी अशा मूत्राचे बाष्पीभवन करून उरलेला पदार्थ रंगाने व चवीने साखरेसारखा असल्याचे दाखविले. रोग्याचा रक्तरसही त्यांना गोड लागला. मूत्रातील शर्करा मूत्रपिंडात निर्माण होत नसून ती रक्तातून येते, असा निष्कर्ष यातून निघत होता. मिशेल शेव्हरूल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१५ मध्ये ही शर्करा द्राक्षशर्करेसारखी असल्याचे सिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बेर्नार यांनी यकृत शर्करा साठविते व गरजेनुसार ती रक्तात सोडते, हे प्रयोगांनी दाखविले. त्यामुळे रक्तशर्करा ही केवळ खाल्लेल्या अन्नाची खूण न राहता शरीराने स्वतः नियंत्रित केलेली राशी ठरली. १८८९ मध्ये योझेफ फोन मेरिंग व ऑस्कार मिंकोव्ह्‌स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास त्याला मधुमेह होतो, असे दाखविले आणि नियंत्रणाचा दुसरा धागा हाती आला.

या काळात प्रत्यक्ष तपासणी मात्र मूत्राचीच होत असे. ग्लुकोज तांब्याच्या क्षारांचे क्षपण करून तांबूस अवक्षेप (न विरघळणारा साका) देते, या गुणधर्मावर हेरमान फेलिंग यांनी १८४८ मध्ये आपला विद्राव तयार केला. स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी १९०८ मध्ये सुचविलेला विद्राव अधिक टिकाऊ होता. परीक्षानलिकेतील निळा विद्राव मूत्राचे थेंब टाकून तापविला, की शर्करेच्या प्रमाणानुसार तो हिरवा, पिवळा, नारिंगी व विटकरी होतो. ही परीक्षा भारतातील दवाखान्यांत व शालेय प्रयोगशाळांतही अनेक दशके रूढ होती. तिची मर्यादा मोठी होती. रक्तातील ग्लुकोज दर १०० मिलि.मध्ये सु. १८० मिग्रॅ.च्या वर गेल्याशिवाय ते सामान्यतः मूत्रात उतरत नाही. त्यामुळे १४० किंवा १६० मिग्रॅ. शर्करा असलेला मनुष्य या परीक्षेत निरोगी ठरे. शिवाय मूत्राशयात कित्येक तास साठलेल्या मूत्रावरून त्या क्षणीची रक्तशर्करा समजणे शक्यच नव्हते.

रक्तपरीक्षेचा उदय : रक्तातील शर्करा मोजण्याच्या आरंभीच्या पद्धतींना बरेच रक्त लागे. जीवरसायनशास्त्रज्ञ ईव्हार बांग यांनी १९१३ च्या सुमारास रक्ताच्या काही थेंबांवर भागविणारी सूक्ष्मपद्धती प्रचारात आणली. अमेरिकेत ओटो फोलिन व त्यांचे चिनी सहकारी श्येन वू यांनी १९१९-२० मध्ये रक्तातील प्रथिने प्रथम अवक्षेपाने काढून टाकून उरलेल्या निर्मळ द्रवातील शर्करा रंगमापकाने मोजण्याची पद्धती सांगितली. याच द्रवातून यूरिया, क्रिॲटिनीन इ. पदार्थही मोजता येत. म्हणून आजच्या ‘नित्य रक्ततपासणी’च्या कल्पनेचे मूळ या पद्धतीत सापडते.

११ जानेवारी १९२२ रोजी टोराँटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनाचे पहिले अंतःक्षेपण (इंजेक्शन) देण्यात आले. या घटनेने रक्तपरीक्षेचे स्थान बदलले. तोपर्यंत ती मुख्यतः निदानासाठी होती. इन्शुलिनाची मात्रा जास्त झाल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरून रोगी बेशुद्ध पडू शकतो, त्यामुळे आता ती उपचारांचीच अट बनली. [→ इन्शुलीन, मधुमेह].

क्षपणावर आधारलेल्या पद्धतींत एक दोष होता. रक्तातील ग्लुटाथायोन इत्यादी अन्य क्षपणकारक पदार्थही शर्करेच्याच खात्यात जमा होत आणि आकडा वस्तुस्थितीपेक्षा अधिक येई. नेल्सन व शोमोद्यी यांनी १९४४-४५ च्या सुमारास केलेल्या सुधारणांनी आणि पुढे ऑर्थोटोल्युइडीन पद्धतीने हा दोष कमी झाला. जुन्या कागदपत्रांतील रक्तशर्करेचे आकडे आजच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत, त्याचे एक कारण हेच होय.

एंझाइमे व रंगपट्ट्या : ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) केवळ ग्लुकोजावरच क्रिया करते. १९२८ मध्ये त्याचा शोध लागला आणि १९५० नंतर त्याचा तपासणीसाठी उपयोग होऊ लागला. या विक्रियेत तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडापासून पेरॉक्सिडेज या दुसऱ्या एंझाइमाच्या साहाय्याने रंग निर्माण केला जातो व रंगाच्या गडदपणावरून ग्लुकोजाचे प्रमाण कळते. भारतातील लहानमोठ्या प्रयोगशाळांत आज सर्वाधिक रूढ असलेली पद्धती हीच होय. हीच विक्रिया कागदी पट्टीवर घडवून आणून १९५६ मध्ये मूत्रासाठी व १९६५ च्या सुमारास रक्तासाठी पट्ट्या उपलब्ध झाल्या. पट्टीचा रंग डोळ्यांनी ठरविण्याऐवजी परावर्तित प्रकाशाने मोजणारा मापक १९७० मध्ये आला. तो वजनाने १ किग्रॅ.हून अधिक असून महागही होता आणि मुख्यतः डॉक्टरांसाठी होता. लीलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या एंझाइम-विद्युत्‌ अग्राच्या कल्पनेतून पुढे विद्युत्‌ प्रवाहावर आधारलेले मापक निघाले आणि १९८७ मध्ये लेखणीएवढा मापक बाजारात आला. यामुळे बोटाच्या टोकावरील रक्ताच्या एका थेंबावरून रोग्याला घरीच परीक्षा करता येऊ लागली. त्वचेखाली सूक्ष्म संवेदक बसवून शर्करेची अखंड नोंद ठेवणाऱ्या पहिल्या उपकरणाला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली.

मागील काळाची नोंद : वरील सर्व परीक्षा त्या क्षणीच्या शर्करेविषयी सांगतात. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी पथ्य पाळणाऱ्या रोग्याची शर्करा ठीक दिसते; महिनाभरातील अपथ्य तीत उमटत नाही. हा प्रश्न हीमोग्लोबिनाच्या अभ्यासातून सुटला. तांबड्या कोशिकांतील हीमोग्लोबिनाला ग्लुकोज एंझाइमाच्या मदतीविनाच हळूहळू चिकटते आणि कोशिकेचे आयुष्य सु. १२० दिवस असल्यामुळे चिकटलेल्या अंशावरून मागील दोन ते तीन महिन्यांच्या सरासरी शर्करेचा अंदाज येतो. मधुमेही व्यक्तींच्या रक्तात असे हीमोग्लोबिन अधिक असल्याचे तेहरान येथील सॅम्युएल राहबर यांनी १९६८ मध्ये दाखविले आणि उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी त्याचा उपयोग १९७६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिला. हीच हीमोग्लोबिन ए१सी परीक्षा होय.

या परीक्षेला खरे वजन प्राप्त झाले ते दोन दीर्घकालीन अभ्यासांमुळे. अमेरिका व कॅनडात १,४४१ रुग्णांवर झालेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इन्शुलीनावलंबी मधुमेहात शर्करेचे काटेकोर नियंत्रण केल्यास दृष्टिपटलाचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. ब्रिटनमधील १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात ए१सी सरासरीने ७.९ वरून ७.० टक्क्यांवर आणल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे उपद्रव २५ टक्क्यांनी घटले. वेदना नसलेल्या अवस्थेत केलेली नियमित परीक्षा डोळे व मूत्रपिंडे वाचविते, याचा हा निःसंदिग्ध पुरावा होता.

निदानाच्या सीमारेषा : रक्तशर्करा ही अखंड बदलणारी राशी असल्याने रोगाची सीमा आखणे हा काहीसा संकेताचा भाग आहे. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ७५ ग्रॅ. ग्लुकोज पाजून दोन तासांनी करावयाची सहिष्णुता-परीक्षा प्रमाण मानली. त्या वेळी उपाशीपोटी १४० मिग्रॅ. ही मधुमेहाची सीमा होती. १९९७ मध्ये अमेरिकन मधुमेह संस्थेने व १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती १२६ मिग्रॅ.वर आणली. दोन तासांनंतरच्या शर्करेची सीमा २०० मिग्रॅ. आहे. २०११ मध्ये ए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असणे हाही निदानाचा निकष म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारला. मात्र तांबड्या कोशिकांच्या आयुष्यावर परिणाम करणारा विकार नसावा, अशी महत्त्वाची अट त्यास जोडलेली आहे.

भारतातील पाहण्या : मुंबईत १९५५ मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिच्या स्थापनेत डॉ. आजगावकर यांचा पुढाकार होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२–७५ या काळात पुण्यासह अनेक केंद्रांवर केलेल्या पाहणीत १४ वर्षांवरील व्यक्तींत मधुमेहाचे प्रमाण नागरी भागात २.१ टक्के व ग्रामीण भागात १.५ टक्के आढळले. त्याच परिषदेच्या पुढील राष्ट्रीय पाहणीचा पहिला टप्पा २००८–१० मध्ये पार पडला. त्यात २० वर्षे व त्यावरील व्यक्तींत हे प्रमाण नागरी महाराष्ट्रात १०.९ टक्के, तर ग्रामीण महाराष्ट्रात ६.५ टक्के निघाले. सर्व राज्यांची पाहणी पूर्ण झाल्यावर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात सु. १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. दोन्ही पाहण्यांतील वयोमर्यादा, पद्धती व निकष वेगळे असल्याने त्यांची तुलना काटेकोर ठरत नाही. तथापि वाढीची दिशा वादातीत आहे. घरोघर जाऊन एवढी मोठी पाहणी करणे शक्य झाले ते बोटातील थेंबावर चालणाऱ्या मापकामुळेच.

पुण्यातील संशोधन : परदेशात ठरलेले निकष भारतीय शरीराला जसेच्या तसे लागू पडतात काय, हा प्रश्न पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीरपणे हाताळला. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या मातृपोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ., म्हणजे इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांपेक्षा सु. ८०० ग्रॅ. कमी भरले, परंतु त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. अशा बालकांच्या नाळेतील रक्तात इन्शुलिनाचे प्रमाणही तुलनेने अधिक आढळले. दिसण्यात सडपातळ, पण मेदाने समृद्ध अशी ही शरीररचना भारतीयांत मधुमेह कमी वयात व कमी वजनावर का होतो, याचे एक स्पष्टीकरण देते. यावरून केवळ लठ्ठ व्यक्तींचीच रक्तशर्करा तपासण्याची प्रथा अपुरी ठरते.

याच गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक लहान अभ्यास विशेष उद्‌बोधक आहे. ११६ तरुण व्यक्तींची ग्लुकोज सहिष्णुता-परीक्षा केली असता ७.८ टक्के व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आढळल्या. ए१सी परीक्षेने मात्र हेच प्रमाण २३.३ टक्के दाखविले. या तफावतीचे एक कारण लोहाची कमतरता व तज्जन्य रक्तक्षय हे होते. लोहाच्या अभावी ए१सीचा आकडा शर्करा न वाढताही चढू शकतो.

ग्रामीण प्रदेशातील प्रश्न. जळगाव जामोदचे उदाहरण : प्रयोगशाळेत निर्विवाद वाटणारा आकडा गावात पोहोचल्यावर कोणत्या अडचणींतून जातो, हे जळगाव जामोद तालुक्याच्या परिस्थितीवरून समजते. हे गाव खानदेशातील जळगावहून वेगळे ओळखता यावे म्हणून जवळच्या जामोद गावाचे नाव त्यास जोडले गेले. वऱ्हाडातील हा तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता व नंतर बुलढाणा जिल्ह्यात आला. त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व मध्य प्रदेशाची सीमा असून दक्षिणेस पूर्णा नदीचे खोरे आहे. डोंगराळ भागात भिलाला, कोरकू व निहाल हे आदिवासी समाज राहतात. मैदानी भागात कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती आहे.

पहिली अडचण वेळेची व उष्णतेची. नळीत काढलेल्या रक्तातील तांबड्या कोशिका ग्लुकोज वापरीतच राहतात. सामान्य तापमानात तासाला सु. ५ ते ७ टक्के ग्लुकोज नाहीसे होते व उन्हाळ्यात हा वेग वाढतो. डोंगरपायथ्याच्या गावात सकाळी घेतलेला नमुना दुपारी प्रयोगशाळेत पोहोचला, तर मधुमेही व्यक्ती निरोगी ठरू शकते. यासाठी सोडियम फ्लुओराइड असलेल्या करड्या झाकणाच्या नळ्या वापरतात. परंतु पहिल्या तास-दोन तासांत त्यांचाही परिणाम अपुरा असतो. म्हणून नमुना थंड ठेवणे व रक्तद्रव लवकर वेगळा करणे आवश्यक असते.

दुसरी अडचण रक्ताच्या प्रकृतीची. सिकलसेल या नावाने परिचित असलेला दात्रकोशिका विकार विदर्भात व सातपुड्याच्या पट्ट्यात आढळतो. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद नागपूरच्या संशोधकांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली होती. या विकारात तांबड्या कोशिका लवकर नष्ट होतात, त्यामुळे ए१सी खोटेपणाने कमी येते. लोहाच्या अभावी ते खोटेपणाने वाढते. एकाच तालुक्यातील दोन शेजाऱ्यांच्या बाबतीत एकच आकडा अशा प्रकारे परस्परविरुद्ध दिशांनी फसवू शकतो. रक्तक्षयात बोटातील थेंबावर चालणारा मापकही प्रत्यक्षापेक्षा अधिक शर्करा दाखवू शकतो. त्याशिवाय पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडांच्या विकारांचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत आहे. विकार बळावल्यास रक्तक्षय होतो व ए१सीवरील विश्वास आणखी कमी होतो. अशा भागात शर्करेबरोबर हीमोग्लोबिन व क्रिॲटिनीन या तपासण्या जोडीने करणे इष्ट ठरते, आणि निदान शक्यतो नीलेतील रक्तद्रवाच्या ग्लुकोज परीक्षेनेच पक्के करावे लागते.

तिसरी अडचण परीक्षेच्या अटींची. मजुरीवर जाणाऱ्या व्यक्तीला उपाशीपोटी दूरच्या केंद्रावर येणे व दोन तासांनी पुन्हा रक्त देणे परवडत नाही. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत चेन्नई येथील डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारिलेल्या पद्धतीत यावर तोडगा आहे. स्त्रीने काही खाल्ले असो वा नसो, तिला ७५ ग्रॅ. ग्लुकोज पाजून दोन तासांनी एकदाच रक्त तपासले जाते व १४० मिग्रॅ. ही सीमा धरली जाते. भारत सरकारने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही पद्धती स्वीकारली. काही तज्ज्ञ तिच्या संवेदनशीलतेविषयी शंका घेतात. तरीही परीक्षा लोकांच्या दिनक्रमाला अनुरूप करण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न आहे.

चौथी अडचण भाषेची. निहाली ही इतर कोणत्याही भाषाकुलाशी निश्चित नाते न जुळलेली भाषा असून ती बोलणाऱ्या थोड्या लोकांची काही गावे याच परिसरात आहेत. ‘दोनशे दहा’ हा आकडा चिठ्ठीवर लिहून देणे सोपे असते. त्याचा अर्थ, पथ्य आणि पुढील तपासणीची तारीख ऐकणाऱ्याच्या भाषेत पोहोचल्याशिवाय परीक्षा पूर्ण झाली, असे म्हणता येत नाही.

सार्वजनिक व्यवस्था : असंसर्गजन्य रोगांवरील राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याच्या अंतर्गत तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तशर्करा व रक्तदाब तपासण्याचे काम पुढे उपकेंद्रांपर्यंत नेण्यात आले. २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाने मोफत निदानसेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. एकाच व्यक्तीच्या बाबतीत या कार्यक्रमांच्या नोंदी एकत्र वाचल्या गेल्या, तर आकड्यांच्या वर वर्णिलेल्या फसगती बऱ्याच अंशी टळू शकतील. वेगवेगळ्या वह्यांत राहिल्या, तर त्या तशाच राहतील.

मुंग्यांच्या साक्षीपासून त्वचेखालील संवेदकापर्यंतच्या या वाटचालीत परीक्षा सूक्ष्म, जलद व स्वस्त होत गेली आणि वैद्याच्या हातून रोग्याच्या हाती आली. मूत्रपरीक्षा शर्करा उतू गेल्याचे सांगते, थेंबाची परीक्षा त्या क्षणीचे सांगते आणि ए१सी मागील काही महिन्यांचे सांगते. कोणता प्रश्न विचारावयाचा आहे व ज्या रक्तातून उत्तर येते त्याची प्रकृती काय आहे, हे ठरवून परीक्षा निवडणे हेच या दीर्घ इतिहासाचे व्यवहारातील फलित होय.